चार प्रतींपैकी खरी कोणती?

प्रश्न : माहीमला लेडी जमशेदजी रोडवरच्या एका जुन्या इमारतीत आमचं सीएचं कार्यालय आहे. चौदा संगणक, एक सर्व्हर आणि सगळ्यांच्या यंत्रांवर त्याचा झेड ड्राइव्ह. गेल्या महिन्यात २० तारखेला, जीएसटीच्या धांदलीत, ‘व्यापाऱ्यांचा ताळमेळ’ या एकाच एक्सेल फाईलच्या चार प्रती निघाल्या. एकीत माझं काम, दुसरीत माझ्या सहकाऱ्याचं, तिसरीचं नाव म्हणजे नुसतीच आठ अनाकलनीय अक्षरं, आणि चौथीचं नाव हुबेहूब पहिलीचंच! एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फायली राहतात कशा? अधूनमधून पडद्यावर ‘आयपी ॲड्रेस कॉन्फ्लिक्ट’ असंही येतं. दुरुस्तीवाला येतो, राउटर बंद करून चालू करतो आणि जातो. ठपका मात्र आर्टिकलशिपला नव्याने आलेल्या मुलीवर बसला आहे. सर्व्हरवर ही भांडणं कोण लावतं? आणि चारातली खरी प्रत कोणती?
— एक वाचक, माहीम

उत्तर : आधी त्या मुलीबद्दल. तुम्ही दिलेल्या खुणा पाहता या चार प्रती एका माणसाच्या हातून होण्यासारख्या नाहीत. त्यांच्यामागे निदान तीन वेगवेगळी कारणं आहेत आणि त्यांतली दोन ती तुमच्याकडे रुजू होण्याच्या आधीपासून कार्यालयात मुक्कामाला असणार. लहान कार्यालयांत फाईल हरवली की सर्वांत नव्या माणसाकडे बोट जातं, कारण बाकीच्यांना त्या अडचणींना वळसा घालायची सवय झालेली असते. तिला ती सवय नव्हती, एवढाच तिचा दोष.

सर्व्हर स्वतःहून भांडत नाही. एखादी गोष्ट कोणाची हे ठरवून दिलेलं नसतं, म्हणून दोघे तिच्यावर हक्क सांगतात. ती गोष्ट कधी पत्ता असते, कधी फाईल, कधी नाव. तुमच्याकडे तिन्ही दिसताहेत.

पत्त्यापासून सुरू करू, कारण बाकीची पडझड बहुधा तिथूनच होते. कार्यालयातल्या प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता लागतो. तो यंत्र चालू होताना राउटर वाटतो. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. सर्व्हरला मात्र सहसा हाताने कायमचा पत्ता लिहून दिलेला असतो, समजा १९२.१६८.१.१०. इथवर ठीक. पण राउटरला हे कोणी सांगितलेलं नसतं. त्याच्या यादीत २ पासून २५४ पर्यंतचे सगळे पत्ते मोकळे असतात आणि तो १० क्रमांक आनंदाने कोणाच्या तरी मोबाइलला देऊन टाकतो. चाळीतल्या दोन खोल्यांवर २३ हाच आकडा रंगवला तर पोस्टमन जे करील तेच मग नेटवर्क करतं : ज्या दाराने शेवटी ‘ओ’ दिली तिथे पत्र टाकतं. म्हणून झेड ड्राइव्ह क्षणात दिसतो, क्षणात जातो, आणि तोही सगळ्यांचा एकदम जात नाही.

हे रोज घडत नाही, कारण सर्व्हर चालू असताना राउटर सहसा तो पत्ता दुसऱ्याला देत नाही. घडतं ते वीज गेल्यावर. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास जवळपास अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, ते तुम्हाला आठवत असेल. बेस्टच्या हद्दीत एरवी वीज क्वचितच जाते, आणि म्हणूनच माहीम-दादरच्या कार्यालयांत ती परत आल्यावर कोणती यंत्रं कोणत्या क्रमाने उठतात याचा विचार झालेला नसतो. राउटर मिनिटभरात जागा होतो, मोबाइल लगेच पत्ते उचलतात, आणि सर्व्हर आपल्या गतीने उठून येतो तोवर त्याच्या जागी दुसरा बसलेला असतो. इमारतीतला एक फ्यूज उडाला तरी हेच होतं.

उपाय अर्ध्या तासाचा आहे. राउटरच्या पानावर जाऊन वाटपाची हद्द १०० ते २०० अशी आखून घ्या आणि सर्व्हर, प्रिंटर, स्कॅनर यांना ५० च्या आतले पत्ते द्या. राउटर, स्विच आणि सर्व्हर तिघांनाही यूपीएसवर घ्या. एकट्या सर्व्हरला यूपीएस असून भागत नाही.

याचं आणखी एक कारण असू शकतं आणि ते शोधायला अवघड. लांबच्या खोलीत वायफाय पोचत नाही म्हणून कोणीतरी घरचा जुना राउटर आणून भिंतीतल्या जोडणीत खुपसतो. त्या क्षणी कार्यालयात पत्ते वाटणारे दोन होतात आणि दोघांच्या याद्या एकमेकांना ठाऊक नसतात. गडबडलेल्या यंत्रावर कमांडच्या काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ ही आज्ञा द्या आणि ‘डीएचसीपी सर्व्हर’ या ओळीपुढचा पत्ता वाचा. तो तुमच्या मुख्य राउटरचा नसेल तर चोर सापडला. तो राउटर फेकून देऊ नका. त्यातलं डीएचसीपी बंद करून त्याला नुसता ॲक्सेस पॉइंट केलं की लांबच्या खोलीची सोयही राहते. दुरुस्तीवाला राउटर बंद-चालू करतो तेव्हा पत्त्यांची नव्याने वाटणी होते आणि काही दिवस बरे जातात. दुखणं तसंच राहतं.

आता फाईल. विंडोज यंत्रं एकमेकांच्या फायली उघडताना ज्या भाषेत बोलतात तिला एसएमबी म्हणतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी ती आखली. तुमचा सर्व्हर म्हणजे विंडोजचं यंत्र नसून नॅसची छोटी पेटी असेल, तर तिच्यात बहुतेक ‘सांबा’ असणार. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास लिहायला घेतलेली ती प्रणाली आजही जगभर मोफत मिळते. एस, एम आणि बी ही तिन्ही अक्षरं ज्यात क्रमाने येतात असा शब्द त्यांनी संगणकावरच्या शब्दयादीत शोधला आणि हे नाव निघालं.

या भाषेत फाईल उघडणारा सर्व्हरला सांगतो की मी लिहिणार आहे, माझं होईतो दुसऱ्याला लिहू देऊ नका. सर्व्हर ते पाळतो. शिवाय एक्सेल स्वतःची एक छोटी लपलेली फाईल शेजारी ठेवतं. तिचं नाव ~$ या दोन चिन्हांनी सुरू होतं आणि तिच्यात उघडणाऱ्याचं नाव असतं. दुसऱ्याने तीच फाईल उघडली की ‘ही फाईल अमुक यांच्याकडे उघडी आहे’ असा निरोप येतो तो त्या छोट्या फाईलमुळे. हे नाव मात्र लॉगिनवरून ठरत नाही, त्या यंत्रावरच्या ऑफिसच्या ऑप्शन्समध्ये जे लिहिलेलं असेल ते येतं. चौदाही यंत्रांवर एकाच माणसाने ऑफिस बसवलं असेल तर सगळीकडे ‘ॲडमिन’ किंवा ‘युजर’ निघतं आणि फाईल कोणी अडवली आहे ते कोणालाच कळत नाही. मग एकेक जण खुर्चीवरून विचारत बसतो. शेवटी कंटाळून माणूस ‘रीड-ओन्ली’ म्हणून उघडतो, काम करतो आणि ‘सेव्ह ॲज’ करून नावापुढे ‘नवीन’ किंवा ‘फायनल’ जोडतो. तुमच्या पहिल्या दोन प्रती अशाच झाल्या असणार. त्या निरोपाच्या खिडकीत ‘नोटिफाय’ नावाचं बटण असतं. ते दाबलं की फाईल मोकळी होताच एक्सेल कळवतं. ते वापरणारा माणूस मी फार थोड्या कार्यालयांत पाहिला आहे. त्या एका बटणाने तुमच्याकडच्या निम्म्या जादा प्रती टळतील.

कधी कधी फाईल कोणाकडेच उघडी नसते, तरी सर्व्हर ती अडलेली सांगतो. लॅपटॉप मिटून कोणी घरी गेलेलं असतं, किंवा जोडणी मधेच तुटलेली असते. अशा वेळी सर्व्हरवर ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मध्ये ‘शेअर्ड फोल्डर्स’ आणि त्याखाली ‘ओपन फाइल्स’ उघडा. कोणत्या लॉगिनने काय उघडलं आहे याची खरी यादी तिथे मिळते आणि अडकलेली नोंद तिथूनच बंद करता येते. आधी त्या माणसाला फोन करा. त्याचं काम अजून चालू असेल तर तुम्ही ते मधेच तोडाल.

तिसरी प्रत, आठ अक्षरांची. एक्सेल जुन्या फाईलवर थेट लिहीत नाही. आधी अशा अगम्य नावाची तात्पुरती फाईल करतं, तिच्यात सगळं उतरवतं, जुनी काढतं आणि तात्पुरतीला जुनीचं नाव देतं. नेमक्या त्याच क्षणी झेड ड्राइव्ह गेला तर ती फाईल नाव बदलायचीच राहून जाते. म्हणजे पत्त्याच्या झगड्याचं हे अपत्य. तिला कचरा समजून लगेच काढू नका. तिची एक प्रत घ्या, नावापुढे एक्सेलचं नेहमीचं शेपूट लावा आणि उघडून पाहा. पुष्कळदा कोणाचं तरी हरवलेलं शेवटचं काम तिच्यातच सापडतं.

तुम्हाला साहजिकच वाटेल की टॅलीत तर आम्ही सगळे एकाच वेळी नोंदी करतो, तिथे हे का होत नाही? कारण एक्सेलसाठी अख्खी फाईल ही एकच वस्तू आहे, तर अनेकांनी एकत्र काम करण्यासाठी घडवलेली प्रणाली एकेक नोंद सांभाळते. आपल्या देशात याचं फार मोठं उदाहरण रेल्वेच्या आरक्षणाचं. १९८६ साली नवी दिल्लीत संगणकावर आरक्षण सुरू झालं, पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबादलाही. ही पाचही केंद्रं १९९९ मध्ये ‘कॉन्सर्ट’ या व्यवस्थेने एकमेकांशी जोडली गेली. दादरच्या खिडकीवरचा आणि हावड्याच्या खिडकीवरचा कारकून एकाच गाडीची तिकिटं एकाच मिनिटात काढतात आणि तरीही एक बर्थ दोघांना जात नाही. एका गाडीच्या जागांचा हिशेब एकाच केंद्राकडे असतो, बाकीचे त्याला विचारतात. तिथे अडते ती एक नोंद, तीही क्षणभर. अख्खी गाडी अडत नाही.

तुमची ताळमेळाची फाईल २० तारखेला सहा जणांना एकदम लागत असेल तर ती साध्या शेअरवर ठेवून चालणार नाही. एक तर ती ग्राहकवार तोडा, म्हणजे प्रत्येक तुकड्याला एक माणूस मिळेल. नाहीतर ती वनड्राइव्ह फॉर बिझनेस किंवा गूगल शीट्ससारख्या ठिकाणी न्या, जिथे अनेकांना एकाच वेळी लिहिता येतं. मी पहिला मार्ग निवडेन. ग्राहकाची कागदपत्रं कुठे राहतात हे सीएला नेमकं सांगता आलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

दोन्ही एकत्र मात्र करू नका. २०२० च्या टाळेबंदीत घरून काम करायची वेळ आली तेव्हा पुष्कळ कार्यालयांनी सर्व्हरचाच फोल्डर ड्रॉपबॉक्स किंवा गूगल ड्राइव्हला जोडून दिला आणि ती जोडणी अजून तशीच चालू आहे. सर्व्हर फाईल अडवून ठेवतो. सिंक करणारी प्रणाली कोणाला अडवत नाही, ती प्रती इकडून तिकडे नेते आणि जुळलं नाही की दुसरी प्रत बाजूला ठेवते. एकाच फोल्डरवर हे दोन कारभारी बसवले की एकाने दिलेला शब्द दुसऱ्याला माहीत नसतो. टॅलीचा डेटा तर अशा फोल्डरमध्ये कधीही ठेवू नये. एक कंपनी म्हणजे तिथे एकमेकींशी बांधलेल्या अनेक फायली असतात. त्यांतली एक सकाळची आणि दुसरी दुपारची अशी जमली की हिशेब उघडतच नाही. नवी-जुनी प्रत सिंक करणारी प्रणाली फाईलच्या वेळेवरूनही ठरवते, म्हणून एखाद्या जुन्या यंत्राच्या मदरबोर्डवरचा सेल संपून त्याची तारीख मागे गेली असेल तर तो आजच बदला.

आता चौथी प्रत. हिच्याबद्दल मला जास्त सांगायचं आहे, कारण हे दुखणं मराठीत काम करणाऱ्यांच्याच वाट्याला जास्त येतं आणि बाहेरून आलेल्या दुरुस्तीवाल्याला ते दिसतच नाही.

तुमच्या फाईलच्या नावात ‘व्यापाऱ्यांचा’ हा शब्द आहे. त्यातला ‘ऱ्या’ संगणकात दोन रीतींनी लिहिला जातो. युनिकोडमध्ये ‘ऱ’ला स्वतःची जागा आहे, त्याला हलन्त जोडून पुढे ‘या’ लिहिला की ‘ऱ्या’ होतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह जे दाबलं की हाच ‘ऱ’ मिळतो. दुसरी रीत अशी की साधा ‘र’, मग हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, आणि मग ‘या’. काही टंकलेखन प्रणाली तुम्हाला न विचारता ही दुसरी रीत वापरतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, कागदावरही. संगणकाला मात्र त्या दोन वेगळ्या अक्षरमाळा आहेत, म्हणजे दोन वेगळी नावं. त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये त्या शेजारी शेजारी सुखाने राहतात. तुमच्याकडे एकाने इनस्क्रिप्टमध्ये नाव लिहिलं, दुसऱ्याने दुसऱ्या कोणत्या तरी पद्धतीने लिहून ‘सेव्ह’ केलं. सर्व्हरला ती नवी फाईल वाटली, म्हणून ‘जुनी पुसू का’ असं त्याने विचारलंदेखील नाही.

कार्यालयात ॲपलचा मॅक असेल तर तिसरी रीतही निघते. मॅकची जुनी फाईलव्यवस्था ‘ऱ’ हे अक्षर फोडून ‘र’ अधिक नुक्ता असं साठवत असे. त्या नावाची फाईल सर्व्हरवर आली की तेच दृश्य. दुसऱ्या, तिसऱ्या, पुढाऱ्यांची, शेतकऱ्यांचा, कर्मचाऱ्यांचे पगार : कार्यालयात फायलींना दिली जाणारी किती नावं या एका जोडाक्षरावर उभी आहेत पाहा. ‘शोध’ घेतला की दोनपैकी एकच फाईल सापडते, आणि माणसाला वाटतं दुसरी कोणीतरी पुसली.

यावर ‘नावं इंग्रजीत लिहा’ असा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. तो घेऊ नका. चौदाही यंत्रांवर एकच मराठी कळफलक बसवा आणि मी तरी इनस्क्रिप्टच बसवेन, कारण तो विंडोजमध्ये मुळातच आहे आणि सरकारने प्रमाण मानलेला आहे. ज्यांना त्याचा सराव नाही त्यांना पंधरा दिवस सवलत द्या. नव्या महिन्याची फाईल कोणी एकानेच तयार करावी. बाकीच्यांनी तीच उघडावी, नाव पुन्हा टाइप करू नये. सध्या जी जुळी नावं आहेत त्यांतल्या एकीच्या पुढे तारीख लावून ती वेगळी करा, म्हणजे निदान डोळ्यांना तरी दोन दिसतील.

नावांचा असाच घोळ यंत्रांचाही होतो. लॅमिंग्टन रोडवरून एकदम सहा संगणक घेतले की एकाची डिस्क तयार करून बाकीच्यांवर तिची नक्कल उतरवणं ही सर्रास पद्धत आहे. नक्कल करण्याआधी ‘सिसप्रेप’ चालवलं नाही तर सहाही यंत्रांची आतली ओळख, जिला एसआयडी म्हणतात, एकच राहते. पूर्वी हे खपून जायचं. २०२५ च्या उत्तरार्धात आलेल्या अपडेट्सनंतर विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्या अशा जुळ्यांना एकमेकांशी बोलू देत नाहीत. बरोबर पासवर्ड दिला तरी तो नाकारला जातो. अशी तक्रार अलीकडेच सुरू झाली असेल तर कारण इथे शोधा. आणि तुमचा ‘सर्व्हर’ म्हणजे साधं विंडोज ११ असेल तर त्याला एका वेळी वीसच यंत्रं जोडता येतात. चौदा संगणक, दोन स्कॅनर आणि साहेबांचे दोन लॅपटॉप झाले की तुम्ही काठावर आलात.

एका गोष्टीला मात्र ठाम नकार द्या. जुना स्कॅनर सर्व्हरवर फाईल टाकत नाही, म्हणून दुरुस्तीवाला एसएमबीची पहिली आवृत्ती चालू करून देईल आणि अडचण लगेच सुटेल. तो दरवाजा मायक्रोसॉफ्टने विनाकारण बंद केलेला नाही. जून २०१७ मध्ये त्याच आवृत्तीतली भेग वापरणाऱ्या नॉटपेट्या हल्ल्याने मर्स्क कंपनीचे संगणक जगभर आडवे केले, आणि समुद्रापलीकडे न्हावा-शेवाला, जेएनपीटीतल्या त्यांच्या टर्मिनलचं कामही ठप्प झालं. स्कॅनर बदला.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. चारातली खरी प्रत सर्व्हर ठरवू शकत नाही आणि फाईलवरची तारीखही नाही. तुमच्या बाबतीत ते ठरवणारा एक साक्षीदार आहे : जीएसटी पोर्टलवर दाखल झालेलं ३बी विवरणपत्र. चारही प्रती एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, त्यांना रीड-ओन्ली करा, आणि प्रत्येकीतली बेरीज दाखल झालेल्या आकड्यांशी जुळवा. जी जुळेल ती त्या महिन्याची प्रत. बाकीच्या तिघींत तिच्यापेक्षा जास्तीच्या नोंदी असतील तर त्या काढून टाकू नका. ते कोणाचं तरी केलेलं काम आहे आणि पुढच्या महिन्याच्या दुरुस्तीत लागेल. हे जुळवायला त्या नव्या मुलीला बरोबर बसवा. फाईलच्या गुणधर्मांत ‘शेवटचा बदल करणारा’ म्हणून जे नाव दिसतं त्यावरून तिला कोणी धरलं असेल, तर ते नाव ऑफिसच्या त्याच ऑप्शन्समधून येतं हे साहेबांना दाखवा, आणि आजच चौदाही यंत्रांवर ज्याचं त्याचं नाव लिहा.

सर्व्हरवर विंडोज सर्व्हर असेल तर ‘शॅडो कॉपी’ चालू आहे का पाहा. चालू असेल तर फाईलवर उजवं बटण दाबून ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’मध्ये जुन्या अवस्था मिळतात. नॅस असेल तर हीच सोय ‘स्नॅपशॉट’ या नावाने असते. शॅडो कॉपीचं मूळ वेळापत्रक सोमवार ते शुक्रवार, सकाळी ७ आणि दुपारी १२ असं असतं. तुमच्या व्यवसायात खरं काम संध्याकाळी आणि शनिवारी होतं, तेव्हा त्यात दुपारी ४ आणि रात्री ८ या वेळा आणि शनिवार वाढवून घ्या. पुढच्या २० तारखेच्या आधी एकदा एखादी फाईल मुद्दाम बिघडवून ती त्यातून परत आणूनही पाहा.